आज्ञावलीची गुणवत्ता आणि अंकांचे प्रामाण्य

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराची कंटेनर-वाहतूक वीस फुटी पेटीच्या एककात मोजली जाते. हे एकक उपयुक्त खरे. परंतु पेटीत काय भरले आहे, हे त्यावरून कळत नाही. संगणकाच्या आज्ञावलीची गुणवत्ता स्वयंचलित साधनांनी मोजण्याच्या पद्धतीसही हीच मर्यादा आहे.

या पद्धतीतील एक बहुपरिचित मानक टॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडले. सामान्यतः विभागातील निर्णयस्थाने मोजून त्यांत एक मिळविला की त्याची ‘सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी’ मिळते. हा अंक १० च्या वर जाऊ नये, असे त्यांनी सुचविले. परीक्षकाच्या रुचीवर तो अवलंबून नाही आणि स्वतंत्र मार्ग तपासण्यास किती चाचण्या योजाव्यात, हेही तो सांगतो. त्याचे हे श्रेय नाकारता येत नाही.

आता कंटेनर आवारात कोठे ठेवावा, हे ठरविणारा विभाग कल्पावा. त्यात १२ निर्णय असल्यास अंक १३ येतो आणि साधन इशारा देते. चार-चार निर्णयांचे तीन उपविभाग केले, की प्रत्येकाचा अंक ५ व मुख्य विभागाचा १ होतो. इशारा नाहीसा होतो. बेरीज मात्र १३ वरून १६ वर गेलेली असते. विभागणी अर्थानुसार असेल, तर वाचन सुलभ होईल. केवळ अंकासाठी असेल, तर वाचकाची वणवण वाढेल. हा भेद त्या अंकात उमटत नाही.

शिवाय धोका नेहमी आज्ञावलीच्या रचनेतच असतो असे नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातून पसरला. मर्स्क समूहाची यंत्रणा कोलमडली आणि न्हावा-शेवा येथील त्यांच्या टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. टर्मिनलच्या आज्ञावलीतील निर्णयस्थाने मोजून हा मार्ग दिसला नसता.

तात्पर्य, अंक कोठे पाहावे हे सुचवितो. पाहण्याचे काम परीक्षकाचेच राहते. म्हणून प्रबंधात किंवा परीक्षणात घटलेला अंक नोंदविताना एकूण बेरीज आणि विभागणीचे कारण, दोन्ही नोंदविणे आवश्यक मानले पाहिजे.