शिरेच्या तोंडावरची दोन घरे

कॉर्नवॉलच्या पश्चिम टोकाला, सेंट जस्ट गावाजवळ, बोटॅलॅकचा कडा आहे. त्याच्या पायथ्याशी, वादळात लाटांचे तुषार भिंतींवर येतील इतक्या खाली, छप्पर गेलेली दोन दगडी इंजिनघरे उभी आहेत. त्यांना ‘क्राउन्स’ म्हणतात. त्यांची छायाचित्रे इतकी निघाली आहेत की पहिल्यांदा जाणाऱ्यालाही हे सगळे आधीच पाहिल्यासारखे वाटते. बहुतेक जण वरच्या वाटेवरून एक फोटो काढतात, ‘काय जागा निवडली आहे!’ म्हणतात आणि पुढे जातात.

पण जागा कुणी निवडलेलीच नाही, आणि या दृश्याची खरी खुमारी तिथेच आहे.

सुमारे साडेसत्तावीस कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या पोटात ग्रॅनाइटचा तप्त रस वर चढला आणि त्याहून जुन्या, डेव्होनियन काळातल्या गाळाच्या खडकात घुसला. त्या जुन्या खडकाला स्थानिक लोक ‘किलास’ म्हणतात. तो पाटीच्या दगडाच्या जातीचा, पण ग्रॅनाइटच्या आचेने भाजून कडक झालेला. अधूनमधून त्यात जुन्या ज्वालामुखी खडकाचे हिरवट, चिवट पट्टे आहेत. ग्रॅनाइट थंड होताना आक्रसला, त्याला आणि शेजारच्या खडकाला भेगा पडल्या. त्या भेगांतून धातू विरघळलेले गरम पाणी वर आले, निवले आणि आपला ऐवज तिथेच ठेवून गेले. ढोबळ मानाने कथील ग्रॅनाइटच्या जवळ आणि तांबे जरा लांब. कॉर्नवॉलमध्ये इतरत्र अशा भरलेल्या भेगा, म्हणजे शिरा, साधारण पूर्व-पश्चिम धावतात. सेंट जस्टच्या पट्ट्यात मात्र त्या वायव्येकडून आग्नेयेकडे जातात, म्हणजे किनाऱ्याला जवळजवळ काटकोनात. कड्यापाशी आलेली शीर तिथे थांबत नाही, सरळ समुद्राखाली शिरते.

एवढे कळले की चित्र पालटते. शीर समुद्राखाली गेली म्हणून माणसे तिच्या मागे गेली. खाली जायचे तर पाणी उपसायला हवे, पाणी उपसायचे तर विवराच्या तोंडाशीच इंजिन हवे, आणि विवराचे तोंड कड्याच्या पायथ्याला. खालचे घर पाणी उपसणाऱ्या इंजिनाचे, १८३५ च्या सुमाराचे. वरचे १८६२ चे, समुद्राखालून तिरकस जाणाऱ्या बोस्कावेन विवरातून माल वर ओढणाऱ्या इंजिनाचे. त्यांची मांडणी नजरेला इतकी सुखावते, कारण तिच्यात हौसेचा अंशही नाही. एका बाजूला चार हात सरकवले असते तर घर चुकले असते.

खालचे घर जवळून बघावे, निदान दुर्बिणीतून तरी. चारही भिंती सारख्या नाहीत. विवराकडे तोंड असलेली भिंत बाकीच्यांपेक्षा बरीच जाड असते. तिच्या माथ्यावर कित्येक टनांची लोखंडी तुळई मध्यावर टेकलेली असे: अर्धी घरात, अर्धी बाहेर विवरावर. आत वाफेचा दट्ट्या, बाहेर पंपाचा दांडा, आणि दिवसरात्र चालणारी वरखाली. म्हणजे ही भिंत यंत्राचाच भाग होती. इंजिने भंगारात गेली, छपरे गेली, पण हादरे सोसायला बांधलेली भिंत वाऱ्याला कशी दाद देणार? धुराड्याचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा. उंचावर दगड चढवण्यापेक्षा वीट हलकी आणि सोयीची, एवढाच हिशेब. पण दुपारच्या उन्हात काळसर कड्यावर तो लालसर शेंडा असा काही खुलतो की रंगाची जाण असलेल्या माणसाने तो मुद्दाम ठेवला असावा असे वाटते.

समुद्राखालच्या बोगद्यांत शिरलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून लिहून ठेवली आहे. वादळाच्या दिवशी डोक्यावर समुद्रतळाचे धोंडे गडगडत गेल्याचा आवाज येई. विल्की कॉलिन्स हा कादंबरीकार एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे उतरला होता, त्यानेही डोक्यावरच्या समुद्राचा आवाज ऐकला. पुढे १८६५ मध्ये ब्रिटनचे युवराज आणि युवराज्ञी तिरकस विवरातून खाली गेले आणि बोटॅलॅक हे प्रेक्षणीय स्थळ झाले. त्याच विवरात दोनच वर्षांपूर्वी माणसांच्या गाडीची साखळी तुटून आठ माणसे आणि एक मुलगा मेला होता. ही जोडी मला या किनाऱ्याच्या स्वभावाला धरून वाटते. इथे देखणेपणा आणि हिशेब यांना वेगळे काढता येत नाही.

थोडे चालले की व्हील ओल्सची खाण लागते. ‘पोलडार्क’ मालिकेमुळे आज तिथे फोटोंसाठी झुंबड असते. १८९३ च्या जानेवारीत इथल्या कामगारांनी शेजारच्या, पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीची भिंत फोडली. वीस जण बुडाले, त्यांचे देह आजही खालीच आहेत. कारण नकाशाचे. होकायंत्राची उत्तर दिशा वर्षागणिक किंचित सरकते आणि नकाशा करताना ती सरक धरली गेली नव्हती. जुनी पोकळी जिथे असल्याचे कागद सांगत होता त्याहून ती जवळ होती. शिरेची दिशा अचूक ओळखणाऱ्या गावात चुंबकाच्या दिशेने घात करावा, याहून क्रूर योगायोग कोणता?

बोटॅलॅकच्या माथ्यावर सोमल गोळा करण्याची भट्टी आहे. अनेकांची नजर तिच्यावरून घसरते, कारण ती देखणी नाही. कथलाच्या खनिजात सोमलाचा अंश असे. ते भाजले की धूर वळणावळणाच्या लांब नळ्यांतून फिरवत आणि भिंतींवर पांढरी पूड धरे. ती खरवडायला माणसे आत पाठवत. अंगाला चिकणमाती, नाकात कापूस, एवढेच संरक्षण. ही भट्टी १९०६ मध्ये खाण पुन्हा सुरू झाली त्या काळातली. इथला सोमल अमेरिकेत कपाशीवरची कीड मारायला जाई. हा भाग वगळून क्राउन्सचे गोडवे गाणारी वर्णने मला नेहमी अर्धवट वाटतात.

दक्षिणेकडे केप कॉर्नवॉलच्या टेकाडावर एकुलते एक धुराडे आहे. १८६४ मध्ये बांधलेले, पुढे खलाशांच्या खुणेसाठी राखलेले. त्याची आकृती सुबक आहे यात वाद नाही, पण भोवतीच्या खाणीच्या खुणा पुसल्याने ते शोभेचे झाले आहे. त्याहून पुढचे पोर्थ नॅनव्हेन मला कितीतरी आवडते. कॉट दरीच्या तोंडाशी असलेल्या या छोट्या किनाऱ्यावर ग्रॅनाइटचे गुळगुळीत लंबगोल धोंडे पसरले आहेत, लोक त्यांना डायनासोरची अंडी म्हणतात. खरी नवलाई मात्र मागच्या कड्यात आहे. तिथे तसेच धोंडे मातीत रुतून बसलेले दिसतात: सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी उंच असतानाचा तो किनारा. समुद्र खाली गेला, वर हिमयुगातल्या माती-दगडांचा थर बसला, आणि आता लाटा त्यातून एकेक धोंडा सोडवून पुन्हा किनाऱ्यावर टाकतात. एखादा नीट बघितला तर करड्या दगडात बोटाएवढे पांढरट फेल्डस्पारचे स्फटिक दिसतात, सावकाश निवलेल्या ग्रॅनाइटची ही सही. धोंडे उचलून नेण्याला बंदी आहे. तरी चोरी होते.

उत्तरेला लेव्हंट. तिथे १८४० चे इंजिन स्वयंसेवकांनी खपून पुन्हा सुरू केले आहे, ठरावीक दिवशी ते वाफेवर चालते. त्याच आवारात १९१९ मध्ये कामगारांना वरखाली नेणाऱ्या यंत्राचा दांडा निखळून ३१ जण ठार झाले. २००६ पासून हा सारा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, पण जे पाटीवर वाचायचे ते लेव्हंटला कानांनी कळते: दट्ट्याचा उसासा, तेलाचा वास, तुळईची जड लय. ज्याला एकच दिवस आहे त्याने सकाळी लेव्हंटचे इंजिन बघावे आणि मग किनाऱ्याची वाट धरून दक्षिणेला बोटॅलॅकला यावे. कड्याचे तोंड पश्चिमेला आहे, ऊन दुपारनंतरच त्यावर पडते. आणि एकदा हलती तुळई पाहिली की क्राउन्सच्या रिकाम्या भिंतीवर ती कुठे टेकत असे, हे कुणी सांगावे लागत नाही.