नाम, वर्णन आणि संनिधी : एका क्रीडा-धर्मादाय संस्थेच्या निकालपत्रकाचे भाषिक परीक्षण

क्रीडासंस्थांची निकालपत्रके ही भाषाभ्यासाची सामग्री होऊ शकते, असे सहसा मानले जात नाही. त्यांत क्रियापद नसते, अव्यय नसते. क्रमांक, नाव, वर्ग, वेळ अशा रकान्यांची ती केवळ मांडणी असते. तथापि ज्या मजकुरातून हजारो माणसे ओळखली जातात, तो मजकूर व्याकरणाच्या कक्षेबाहेर ठेवणे आपल्या शास्त्राला शोभणारे नाही. प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील ‘पार्करन’ या धर्मादाय संस्थेच्या संकेतस्थळावरील निकालपत्रकाचे परीक्षण करावयाचे आहे. सभासदांचे खासगीपण राखण्याची अशा संस्थांची जी रीत आहे, ती भाषेविषयीच्या एका अपुऱ्या समजुतीवर उभी आहे, असे माझे प्रतिपादन आहे. माणसाची ओळख त्याच्या नावात आणि पत्त्यात असते, बाकीचे तपशील निरुपद्रवी होत, ही ती समजूत.

या संस्थेचा आरंभ 2 ऑक्टोबर 2004 रोजी लंडनजवळील बुशी पार्कमध्ये झाला. पॉल सिंटन-ह्यूइट यांनी योजिलेल्या पाच किलोमीटरच्या त्या धावेत तेरा जण धावले. पुढे हा उपक्रम अनेक देशांत पसरला. धाव विनामूल्य असते, दर शनिवारी सकाळी असते, आणि व्यवस्था स्वयंसेवक पाहतात. नाव एकदाच नोंदवावयाचे. त्यावर मिळणारा बारकोड धावेच्या शेवटी दाखविला की निकालात नोंद होते. निकाल बहुधा त्याच दिवशी प्रसिद्ध होतो. त्याच्या एका ओळीत क्रमांक, पूर्ण नाव, स्त्री की पुरुष, पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी सांगितलेला वयोगट, वयसापेक्ष टक्केवारी, क्लब आणि वेळ इतके असते. नावाचा मागोवा घेतला की त्या व्यक्तीच्या पूर्वीच्या सर्व धावा, स्थळांसह, समोर येतात. जन्मतारीख, ईमेलचा पत्ता आणि आपत्काळी कळवावयाच्या नातेवाइकाचा दूरध्वनी हे मात्र छापले जात नाही. वरवर पाहता ही विभागणी सरळ आणि प्रामाणिक वाटते.

परंतु ओळ ही सुटी वाचली जात नाही. वाक्यार्थ सिद्ध होण्यास आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशा तीन अटी सांगितल्या आहेत. पदे एकमेकांची अपेक्षा करणारी असली, त्यांचा परस्परांशी मेळ बसत असला आणि ती जवळजवळ आली, म्हणजे त्यांचे वाक्य होते. निकालपत्रकातील ओळींना हे तिन्ही लागू पडते. लिहिणाऱ्याने वाक्य लिहिलेले नसते. वाचणारा ते जुळवितो.

एक उदाहरण घेऊ. एखादी स्त्री नेमाने धावते. मागच्या शनिवारी तिच्या नावापुढे 35 ते 39 हा वयोगट आहे. या शनिवारी 40 ते 44. दोहोंपैकी एकाही ओळीत जन्मतारीख नाही. पण दोन ओळी शेजारी ठेवल्या की तिचा चाळिसावा वाढदिवस या सात दिवसांतला, हे वाक्य आपोआप तयार होते. जन्मवर्ष तर निश्चितच कळते. वयसापेक्ष टक्केवारीचेही तेच. ती वेळ, लिंग आणि पूर्ण वर्षांतले वय यांवरून काढतात, आणि तिची कोष्टके उघड आहेत. तेव्हा ज्याला वेळ व टक्केवारी ठाऊक आहे तो गणित उलटे करून बहुधा वयापर्यंत पोहोचतो. संस्थेने वय पाच वर्षांच्या पडद्याआड ठेवले आणि पुढच्याच रकान्यात पडदा बाजूला सारला. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. हे रकाने वेगवेगळ्या गरजांतून आले असावेत, आणि ते एकत्र वाचले तर काय सांगतील हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही.

दुसरे उदाहरण याहून नाजूक आहे. अकरा वर्षांखालील मुलाने मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात राहून धावावे, असा या धावेचा नियम आहे. नियम मुलाच्या सुरक्षिततेसाठीच आहे. पण त्याचा परिणाम निकालपत्रकाच्या रचनेवर होतो : मुलाच्या ओळीच्या लगत वरची किंवा खालची ओळ बहुधा त्याच्या पालकाची असते. आडनाव एक असल्यास नाते उघड होते. वेगळे असल्यास जिज्ञासू वाचक आणखी काही तर्क करतो. येथे नाते सांगणारा शब्द एकही नाही. ते केवळ संनिधीने सांगितले आहे.

तिसरी गोष्ट काळाची. निकालाची प्रत्येक ओळ साधा भूतकाळ सांगते : अमुक व्यक्ती अमुक दिवशी येथे धावली. अशा चाळीस ओळी एकाखाली एक आल्या म्हणजे भूतकाळ रीतिवर्तमानात बदलतो : ती दर शनिवारी सकाळी येथे धावत असते. आणि रीतिवर्तमानात भविष्य दडलेले असते, हे मराठीच्या व्याकरणात कोणालाही पाहता येईल. ‘ती शनिवारी धावते’ हे वाक्य आपण पुढच्या शनिवारासाठीही वापरतो. छळ करणाऱ्या नवऱ्यापासून सुटून दुसऱ्या गावी राहावयास गेलेली स्त्री जुन्याच बारकोडावर नव्या गावी धावू लागली, तर तिचे नाव ठाऊक असलेल्या माणसाला तिचा पत्ता लागत नाही. पण पुढच्या शनिवारी सकाळी ती कोठे भेटेल ते मात्र कळते. पत्ता न छापण्याची सगळी दक्षता अशा वेळी व्यर्थ जाते.

यावर कोणी म्हणेल, की मग नाव काढून टाका, प्रश्न मिटला. येथे नाम आणि वर्णन यांच्या संबंधाचा जुना वाद उपयोगी पडतो. विशेषनामाला निर्देश असतो, गुणबोध नसतो, असे मिल्लने 1843 मध्ये मांडले. पुढे 1892 मध्ये फ्रेगेने आणि 1905 मध्ये रसेलने आपापल्या परीने दाखविले, की निर्देशाचे काम वर्णनही करू शकते. ‘गावातील एकमेव डॉक्टर’ म्हटल्यावर नाव घेण्याची गरज उरत नाही. अमेरिकेत लटान्या स्वीनी यांनी हीच गोष्ट आकड्यांनी दाखविली. नावे गाळून दिलेल्या रुग्णालयीन नोंदी त्यांनी मतदारयादीशेजारी ठेवल्या, आणि मॅसॅच्युसेट्सच्या तत्कालीन गव्हर्नरांची नोंद त्यांतून शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी टपाल क्रमांक एवढ्यावरून अमेरिकेतील 87 टक्के लोक एकमेवपणे ओळखता येण्याजोगे आहेत, असा त्यांचा 2000 मधील निष्कर्ष होता. 2006 मधल्या फेरमोजणीत हा आकडा 63 टक्क्यांच्या आसपास आला. परंतु 63 टक्के हे प्रमाणही लहान नव्हे.

नावच काय, व्यक्तीदेखील वगळली तरी वर्णन बोलतेच, याचा दाखला स्ट्राव्हा या व्यायामनोंदीच्या कंपनीने पुरविला. ती धर्मादाय संस्था नव्हे. परंतु तिचा प्रमाद शिकण्यासारखा आहे. 2017 च्या नोव्हेंबरात तिने आपल्या सभासदांच्या सुमारे एक अब्ज नोंदी एकत्र करून जगाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते, केवळ उजळ रेषा होत्या. 2018 च्या जानेवारीत नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिले, की सीरिया, अफगाणिस्तान अशा देशांत, जेथे सभोवार सगळा अंधार, तेथील उजळ चौकोन म्हणजे परदेशी सैन्याचे तळ होत. लंडनमध्ये जी रेषा काहीच सांगत नाही, तीच वाळवंटात संपूर्ण विधान होते.

आता मराठीकडे वळणे प्राप्त आहे, कारण मिल्लचा सिद्धान्त जेथे सर्वांत लंगडा पडतो ते स्थळ म्हणजे आपले पूर्ण नाव. त्यात मधले नाव पित्याचे किंवा पतीचे असते. आडनावात ‘कर’ असेल तर गाव सांगितले जाते, नसेल तर अनेकदा जात किंवा वतन. स्त्रीच्या नावाआधी कु., सौ., श्रीमती यांपैकी काय आहे यावरून तिची वैवाहिक स्थिती कळते. दोन वर्षांच्या याद्या समोर ठेवल्या आणि मधले नाव बदललेले दिसले, की एका कुटुंबाची कथा वाचणाऱ्याच्या हाती येते. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचेही नाव लिहिण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय स्वागतार्हच आहे. पण त्यामुळे आपले नाम अधिकच वर्णनात्मक झाले, ही नोंद भाषाभ्यासकाने करून ठेवावी. इंग्रजी यादीसाठी आखलेले धोरण भाषांतर करून आपल्या संस्थांनी स्वीकारले, तर ते मराठी नावाला पुरणार नाही. मुंबई मॅरेथॉन 2004 पासून भरत आहे आणि तिच्या निमित्ताने धर्मादाय कार्यासाठी मोठा निधी जमतो. धावणारे आणि देणारे अशा दोन याद्या अशा उपक्रमांतून निर्माण होतात. आपल्याकडचा हा प्रश्न तेथला आहे.

अशा धोरणाला मराठीत ‘गोपनीयता धोरण’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द मला पटत नाही. ‘गुप्’ धातूचा जुना अर्थ रक्षण करणे. पुढे तो झाकून ठेवणे या अर्थी रूढ झाला, आणि ‘गोपनीय’ म्हणजे झाकण्याजोगे. नोकरशाहीतला ‘गोपनीय अहवाल’ हा त्याचा आपल्या ओळखीचा उपयोग. पण धावणाऱ्या स्त्रीची वेळ गोपनीय थोडीच आहे? ती शंभर लोकांनी बागेत पाहिली, आणि तिने ती हौसेने घरी सांगितली. तिचा आक्षेप प्रसंगाच्या बदलाला आहे. ‘खासगी’ हा शब्द त्या मानाने बरा; मराठेशाहीत राजघराण्याच्या स्वतःच्या मिळकतीला खासगी म्हणत, म्हणजे त्यात लपविण्यापेक्षा स्वामित्वाचा अर्थ प्रधान होता. हेलन निसनबाम यांनी 2004 मध्ये मांडलेली कल्पना याच्याजवळ जाते : माहिती ज्या संदर्भात दिली गेली त्या संदर्भाचे नियम पाळले जाणे, हेच खासगीपणाचे रक्षण. मॅलिनोव्हस्कीने 1923 मध्ये प्रसंगसंदर्भाविना उक्तीला अर्थ नाही असे म्हटले, त्याचीच ही नीतिशास्त्रातली आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

पूर्वपक्षाला न्याय देणे अवश्य आहे. यादी हा या उपक्रमाचा आनंद आहे. गेल्या आठवड्यापेक्षा आपण अर्धा मिनिट लवकर आलो हे स्वतःच्या नावापुढे छापलेले पाहण्यासाठी कितीतरी जण पहाटे उठतात, आणि त्यांतून परस्परांची ओळख वाढते. 2024 च्या फेब्रुवारीत पार्करनने आपल्या संकेतस्थळावरील विक्रमांच्या काही याद्या काढल्या, तेव्हा धावपटूंनी तीव्र नापसंती दर्शविली. त्यांची नाराजी समजण्यासारखी होती. लक्षात घेण्याची बाब एवढीच, की ते बदल नवख्या माणसाला दडपण वाटू नये म्हणून झाले. साप्ताहिक यादीतील नावांना त्यांनी हात लावला नाही. ज्याला छापून यावयाचे नाही त्याने बारकोड न दाखविता धावावे, अशी सोय आहे. मग त्या क्रमांकापुढे ‘अज्ञात’ या अर्थाचा शब्द येतो आणि बाकीचे रकाने रिकामे राहतात. सर्व सांगा, नाहीतर आपण धावलातच कोठे, असा हा विकल्प आहे.

यापेक्षा अधिक सूक्ष्म विकल्प आपल्या देणगीपत्रकांनी पूर्वीच शोधला होता. ‘एक हितचिंतक, दादर’ या नोंदीत रक्कम आहे, स्थळ आहे, कृतज्ञता आहे. नाव तेवढे नाही. गुप्तदान करणारा दाता यादीतून नाहीसा होत नाही. त्याचे दान मोजले जाते. अर्थात रक्कम फार मोठी आणि गाव फार लहान असल्यास हितचिंतक कोण ते सगळे ओळखतात, आणि मग वर्णनाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

कायद्याची भाषा या बाबतीत संस्थांच्या भाषेपुढे आहे. युरोपीय संघात 25 मे 2018 पासून लागू झालेल्या नियमांत आणि भारताच्या 2023 च्या अधिनियमात ‘ओळखली गेलेली’ व्यक्तीच नव्हे, तर ‘ओळखता येण्याजोगी’ व्यक्तीही धरली आहे. म्हणजे नामासह वर्णनही. भारतीय अधिनियमाने सर्व व्यक्तींसाठी स्त्रीलिंगी सर्वनाम योजले, ही त्याची आणखी एक लक्षणीय गोष्ट. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याची मुभाही त्यात आहे. त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्यांनी ठेवण्यात आली. मराठी सूचनांचे मसुदे लिहिणाऱ्यांपुढे त्यामुळे खरे काम आले आहे. आज अशा सूचनांतून ‘आपली माहिती आवश्यकतेनुसार वापरली जाऊ शकते’ या धाटणीची वाक्ये आढळतात. ही नवीन कर्मणी रचना. तिच्यात कर्ता नाही, आणि ‘आवश्यकता’ कोणाची हेही नाही.

त्याऐवजी नोंदणीपत्रात प्रत्येक रकान्यासाठी स्वतंत्र वाक्य असावे, कर्ता ‘आम्ही’ असावा आणि कालमर्यादा अंकांत असावी : आम्ही आपले नाव इतके आठवडे दाखवू, त्यानंतर केवळ वयोगट आणि वेळ ठेवू, पूर्वीच्या धावांची यादी आपल्यालाच दिसेल. वयोगट बदलल्यास तो वर्षारंभीच बदलावा, म्हणजे जन्माचा आठवडा उघड होणार नाही. मुलांच्या ओळी क्रमवारीतून काढून वेगळ्या, वर्णानुक्रमाने द्याव्यात. आणि मराठी यादीत मधले नाव व कु., सौ. यांचा रकाना आरंभीच नसावा. धावेची वेळ मोजण्यास त्यांचा काही उपयोग होत नाही.