उसाचा दर दिसला, थकहमी दिसली नाही

पीएच.डी.च्या मुलाखतीत "एखाद्या पेपरचं परीक्षण करा" असं सांगितलं, की बरेच जण 'नमुना लहान आहे, डेटा जुना आहे' एवढं बोलून थांबतात. ही टीका कुठल्याही पेपरवर चालते, म्हणून तिचा उपयोग नाही. चांगल्या पेपरला नेमकं काय दिसत नाही, हे शोधायचं कसं ते आज बघू. विषय आपल्या ओळखीचाच आहे: साखर कारखाने, राजकारण आणि सरकारी तिजोरी.

पेपर संदीप सुखटणकर यांचा. 'अमेरिकन इकॉनॉमिक जर्नल: अप्लाइड इकॉनॉमिक्स'मध्ये २०१२ साली आला. त्यांनी महाराष्ट्रातल्या १८३ साखर कारखान्यांची १९९३ ते २००५ या काळातली माहिती घेतली. त्यातल्या १०१ कारखान्यांचे चेअरमन राजकारणी होते. निष्कर्ष असा, की राजकारण्यांच्या ताब्यातले कारखाने निवडणुकीच्या वर्षी उसाला कमी दर देतात. निवडणुकीचा पैसा कुठे खर्च होतो यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. तो येतो कुठून, हे या पेपरने आकड्यांत पकडलं. गावच्या पारावर वर्षानुवर्षं बोललं जाणारं काही मोजून दाखवणं सोपं नसतं. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आता पद्धत बघा. तोच कारखाना निवडणुकीच्या वर्षी आणि एरवी किती दर देतो, आणि हाच फरक राजकारणी चेअरमन नसलेल्या कारखान्यांत किती आहे, अशी ही तुलना आहे. 'फिक्स्ड इफेक्ट्स' लावले की कारखान्याचं कायमचं वैशिष्ट्य वजा होतं आणि त्या वर्षी सगळ्यांना सारखं लागू झालेलं कारणही वजा होतं. दुष्काळ, साखरेचे पडलेले भाव यांचा गोंधळ त्यामुळे टळतो.

पण तुम्ही विज्ञान शाखेचे असाल तर 'ब्लँक' आठवा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर नमुना लावण्याआधी आपण ब्लँकचं रीडिंग शून्यावर आणतो. ब्लँकमध्येच भेसळ असेल तर? ती नमुन्यातूनही वजा होते आणि उत्तर स्वच्छ दिसतं. इथे ब्लँक म्हणजे राजकारणी चेअरमन नसलेले कारखाने. सरकारचं साखर धोरण त्यांनाही लागू असतं. एखादी सवलत सगळ्याच कारखान्यांना मिळाली असेल, तर ती दोन्ही बाजूंनी कटून जाते. म्हणजे एकेका चेअरमनचा हात या पद्धतीला दिसतो, पण साखर उद्योगाने एकत्र येऊन सरकारवर टाकलेलं वजन दिसत नाही.

ते वजन कशात असतं? सरकारी भागभांडवलात आणि थकहमीत. थकहमी म्हणजे कारखान्याने कर्ज फेडलं नाही तर ते राज्य सरकार फेडेल, असं बँकेला दिलेलं वचन. अशी हमी देण्याचा अधिकार राज्याला घटनेच्या कलम २९३ने दिलाय. गंमत अशी, की ज्या दिवशी हमी दिली त्या दिवशी तिजोरीतून एक रुपयाही जात नाही. तो जातो कर्ज थकल्यावर, कदाचित काही वर्षांनी. त्यामुळे निवडणुकीच्या वर्षाचा आणि या खर्चाचा मेळ तक्त्यात बसणं अवघडच.

यावर ओरड का होत नाही, याचं उत्तर मॅन्कर ऑल्सनच्या १९६५च्या 'द लॉजिक ऑफ कलेक्टिव्ह ॲक्शन'मध्ये सापडतं. फायदा मोजक्यांच्या हाती, भार सगळ्यांत वाटलेला. समजा, दहा कारखान्यांची मिळून १०० कोटींची थकहमी सरकारच्या अंगावर आली. २०११च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. म्हणजे माणशी नऊ रुपयेसुद्धा नाहीत. नऊ रुपयांसाठी मोर्चा कोण काढणार? पण कारखान्यामागे सरासरी दहा कोटी येतात, आणि त्यासाठी मंत्रालयात खेटे घालायला कोणीही तयार होईल.

माझा खरा आक्षेप पेपरच्या शेवटाकडे आहे. शेतकरी हे सहन का करतात? लेखक म्हणतात, निवडून आल्यावर राजकारणी शेतकऱ्यांना बहुधा भरपाई करून देत असावेत. ठीक आहे, पण ती भरपाई कुणाच्या खिशातून? कारखान्याच्या राखीव निधीतून असेल तर सभासदाचेच पैसे सभासदाला परत मिळाले. सरकारी मदतीतून असेल, तर आधी शेतकऱ्याकडून घेतलेलं नंतर करदात्याने भरलं. त्या करदात्यांत कधी ऊस न लावलेला मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरीही येतो; काडेपेटी विकत घेताना तोही कर भरतोच. पेपरच्या हिशेबात चेअरमन आहे, शेतकरी आहे. हा तिसरा माणूस नाही. तो धरल्याशिवाय 'भरपाई झाली' हे वाक्य अर्धंच राहतं.

याचा अर्थ पेपर चुकीचा आहे असा नाही. सहकाराने ग्रामीण भागात शाळा, कॉलेजं, दवाखाने उभे केले, हेही खोटं नाही. मुद्दा एवढाच, की उसाच्या दरातली घट म्हणजे राजकीय हस्तक्षेपाची पूर्ण किंमत नव्हे. त्या किमतीचा तो फक्त दिसणारा भाग आहे.

आणि इथेच तुमच्यासाठी विषय आहे. राज्याने दिलेल्या हमींचा तपशील कॅगच्या वित्त लेख्यांत दरवर्षी छापला जातो. चेअरमनचा पक्ष सत्तेत असताना त्याच्या कारखान्याला थकहमी मिळण्याची शक्यता वाढते का? कारखानानिहाय शासन निर्णय जमवावे लागतील, काम किचकट आहे. पण प्रपोजलमध्ये 'परिणाम अभ्यासणे' असं मोघम लिहिण्यापेक्षा हा एक प्रश्न लिहा. पुढची सगळी चर्चा त्याच्याभोवतीच होईल.