‘धारण’ या एका शब्दाचा अर्थ

भैंशाहून भोकरच्या वाटेस लागले म्हणजे थोड्याच अंतरावर एक राज्य संपते आणि दुसरे सुरू होते. जमीन तीच काळी, पीक तेच कापसाचे, बोलीतही फारसा पालट नाही. भैंशाकडचा शेतकरी आपल्या कागदास ‘पहाणी’ म्हणतो, भोकरचा ‘सातबारा’ म्हणतो. मात्र दोघांच्याही शेतास १९५० साली हैदराबाद राज्याचा एकच कुळकायदा लागू झाला. पुढे १९५६ साली राज्य विभागले गेले; कायदा विभागला गेला नाही. नवे विधिमंडळ बदल करीपर्यंत जुना कायदा जेथल्या तेथे चालू राहील, असे पुनर्रचनेच्या कायद्यानेच ठरविले होते. तेव्हापासून या एका मजकुरात दुरुस्ती करणारी विधिमंडळे एकाहून अधिक आणि त्याचा अर्थ सांगणारी उच्च न्यायालयेही एकाहून अधिक. मुंबईने लावलेला अर्थ भैंशाच्या वकिलास मार्गदर्शक म्हणून सांगता येईल, बंधनकारक म्हणून नव्हे.

आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८७ साली दिलेला ‘सदा विरुद्ध तहसीलदार, उटनूर’ हा निकाल आम्ही या दृष्टीने पुन्हा वाचावयास घेतला. उटनूर हे जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलेच, भैंशाच्या पूर्वेकडचे. (भैंसा २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात गेले आहे.) निकालपत्रांची परीक्षा गद्य म्हणून करण्याची आपल्याकडे रीत नाही. ज्या गद्यावर कुटुंबाची भाकर अवलंबून असते, ते आपण वकिलांवर सोडून देतो आणि कवितासंग्रहांवर वाद घालीत बसतो. असो.

वाद होता तो कलम ३८-ई मधील एका शब्दाचा. सरकार अधिसूचनेने जो दिवस नेमील, त्या दिवशी संरक्षित कुळांनी ‘धारण केलेल्या’ जमिनींची मालकी जमीनदाराकडून त्यांच्याकडे जाईल, असे हे कलम सांगते. तेलंगणाच्या बहुतेक भागांत तो दिवस १ जानेवारी १९७३ हा ठरला. संरक्षित कूळ म्हणजे मुख्यतः फसली १३४२ ते १३५२ या काळात सलग सहा वर्षे जमीन कसलेला आणि म्हणून नोंदवहीत नाव चढलेला शेतकरी. नोंद झाली १९५० नंतर आणि मालकीचा दिवस उजाडला १९७३ साली. मधल्या वीस-बावीस वर्षांत जमीनदार स्वस्थ बसले नव्हते. अनेक कुळांचे नाव वहीत राहिले आणि नांगर मात्र शेताबाहेर गेला.

अशा कुळाने १९७३ साली जमीन ‘धारण’ केलेली होती काय? धारण म्हणजे प्रत्यक्ष कबजा, असे धरले तर नाही. धारण म्हणजे हक्क, असे धरले तर होय. १९७९ साली विधिमंडळाने कलमास स्पष्टीकरण जोडले: तहसीलदाराच्या रीतसर हुकुमावाचून ज्यास काढून लावले, त्याने जमीन धारण केलेली होती असेच मानावे. पूर्णपीठाने ‘धारण’ शब्दाचा अर्थ हक्काच्या बाजूने लावला. कुळाचा हक्क कायदेशीर रीतीने संपलेला नसेल, तर मालकी त्या दिवशी आपोआप त्याच्याकडे गेली. प्रमाणपत्र हा तिचा केवळ पुरावा. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली कोटय्या यांच्या प्रकरणात हीच दिशा मान्य केली.

हा अर्थ आम्हांस योग्य वाटतो, आणि तो कुळावरील दयेमुळे नव्हे. कुळास तहसीलदाराच्या हुकुमावाचून काढता येणार नाही, असे जो कायदा सांगतो, त्याच कायद्यातील ‘धारण’ म्हणजे नुसता कबजा असे म्हटले, तर लाठी घेऊन शेतात उतरणाराच त्या शब्दाचा अर्थ ठरवू लागेल. शब्दास त्याच्या शेजारच्या शब्दांसह वाचणे हा टीकाकाराचा पहिला गुण. तो येथे आहे. मधल्या काळात जमीनदारास पैसे मोजून जमीन घेणाऱ्यावर या अर्थाचा भार पडला, हेही नमूद केले पाहिजे.

आमची तक्रार आहे ती निराळी. निकालाची भूमिका अशी की, हा अर्थ १९७३ पासून कलमातच होता, न्यायालयाने तो केवळ दाखविला. मग १९७९ चे स्पष्टीकरण कशाला लागले आणि पूर्णपीठ तरी का बसले? टीकाकारांचा हा विनय फार जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर याच दक्खनेत, चालुक्यांच्या कल्याणीस बसून लिहीत होता. ‘सपिंड’ शब्दातील पिंड म्हणजे देह, असे त्याने सांगितले. बंगालच्या जीमूतवाहनाने पिंड म्हणजे श्राद्धाचा पिंड असे धरले, आणि दोन प्रांतांचा वारसाहक्क निराळा झाला. आपण कायदा करीत आहोत असे दोघांपैकी कोणीच म्हटले नाही. गोव्यातील आमच्या वाचकांस याची दुसरी बाजू ठाऊक आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १९६२ च्या संसदीय कायद्याने चालू ठेवली. म्हणून ती आता भारतीय कायदाच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. शब्द जुनेच राहिले, वदविणारी सत्ता बदलली.

उटनूरच्या निकालात आणखी एक उगम दडलेला आहे: नोंदवही. पूर्णपीठाचे औदार्य वहीत नाव असलेल्यापासून सुरू होते. जो कसत होता पण लिहिला गेला नाही, त्यास ‘धारण’ शब्दाचा कोणताही अर्थ उपयोगी पडला नाही. विधिमंडळ आणि न्यायपीठ यांच्याविषयी आपण पुष्कळ लिहितो. वहीत नाव चढविणाऱ्या वा न चढविणाऱ्या पटवाऱ्याविषयी कोणी लिहीत नाही.

२०२० साली आलेल्या ‘धरणी’ नोंदपद्धतीत जमीन प्रत्यक्ष कोण कसतो, या रकान्यास जागा उरली नव्हती. २०२५ च्या ‘भूभारती’ कायद्याने तिची जागा घेतली आहे. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या भैंशाच्या शेतकऱ्याने नव्या पहाणीची नक्कल काढून आपले नाव तीत कोठे येते, हे पाहून घ्यावे.