दवंडी खाली येते, निरोप वर कसा जातो?

२० जुलै २०२३ च्या सकाळी कदाचित तुमचाही मोबाइल अचानक जोरात वाजला असेल. दूरसंचार विभागाची ती आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी होती. दोनच दिवसांनी महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं. ४५ जण अडकल्याचं ट्विट उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी केलं, हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवली गेली.

चाचणीतलं तंत्र चांगलंच आहे. ‘सेल ब्रॉडकास्ट’ म्हणजे टॉवरने दिलेली दवंडी. नंबरांची यादी लागत नाही, इंटरनेट लागत नाही. टॉवरच्या टप्प्यात ही सोय असलेले सगळे चालू फोन एकदम वाजतात. पण दवंडीसारखीच ती एकतर्फी. ‘पाणी ओट्यावर आलंय, आम्ही छतावर आहोत’ हे उलट सांगायची वाट त्यात नाही. आणि मंत्र्यांचं ट्विट वाचतो आपण, बाहेरचे. अडकलेल्याला हवं असतं वेगळंच: बोट कधी येणार, कुठल्या बाजूने?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चं कलम ३० पूर्वसूचना आणि योग्य माहिती लोकांपर्यंत पोचवायचं काम जिल्हा प्राधिकरणाकडे देतं. माझा आक्षेप मोजमापावर आहे. किती फोन वाजले हे मोजणं सोपं. तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या आजीला इशारा कळला का, तिचा निरोप तहसीलमध्ये किती वाजता पोचला, हे मोजा ना! तलाठी, कोतवाल, पोलीस पाटलांचे चालू नंबर भिंतीवर रंगवले आणि आलेल्या प्रत्येक फोनची वेळ लिहून ठेवली, तरी सुरुवात होईल.

पावसाळ्याआधी तुमच्या गावातही एकदा विचारून बघा.