आभासी विश्वातील गजबजलेला संवाद आणि निवडक शब्दांचा ठळकपणा : एक चिकित्सा

कळीचे शब्द : आभासी विश्व, लेखी गप्पा, अवधान, शब्दनिवड, विभक्ती

प्रस्तावना :

आभासी विश्वांची चर्चा बहुधा त्यांच्या दृश्य अंगाने होते. तेथील इमारती, वेशभूषा, मानवी प्रतिमा यांचे वर्णन पुष्कळ आढळते. परंतु तेथील बराचसा व्यवहार आजही टंकलिखित गप्पांतून चालतो, याकडे समीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. पाचपन्नास माणसे एकाच वेळी लिहू लागली की ओळी वाचून होण्याआधीच वर सरकून दिसेनाशा होतात. यावर उपाय म्हणून एक सोय प्रचारात आली. वापरकर्त्याने आपल्याला महत्त्वाचे वाटणारे शब्द आगाऊ नोंदवून ठेवायचे. ते कोणाच्याही वाक्यात आले की ती ओळ वेगळ्या रंगात उमटते व हवे असल्यास ध्वनीही वाजतो. वरवर किरकोळ वाटणारी ही सोय 'ऐकणे' या क्रियेचे स्वरूपच बदलते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :

या सोयीचे मूळ आभासी विश्वांच्या चित्रमय अवस्थेपूर्वीचे आहे. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हे केवळ शब्दांनी उभारलेले विश्व सुरू केले. पुढे अशा विश्वांसाठी जी सॉफ्टवेअर तयार झाली, त्यांपैकी 'टायनीफ्यूग'मध्ये ठरावीक मजकूर उठून दिसावा अशी आज्ञा देता येत असे. १९८८ साली फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेन यांनी निर्माण केलेल्या आय.आर.सी. या गप्पांच्या व्यवस्थेतही, स्वतःचे नाव आले की ओळ रंगीत होणे ही गोष्ट हळूहळू नित्याची झाली.

लिंडन लॅब या कंपनीचे 'सेकंड लाइफ' २००३ साली खुले झाले. त्याच्या प्रवेश-सॉफ्टवेअरची, म्हणजे 'व्ह्यूअर'ची, मूळ संहिता २००७ साली मुक्त करण्यात आली आणि बाहेरच्या मंडळींनी स्वतःचे व्ह्यूअर रचले. त्यांपैकी 'फायरस्टॉर्म'मध्ये शब्दसूचनेची सोय बरीच विस्ताराने आढळते. स्वल्पविराम देऊन शब्दांची यादी करावयाची, रंग ठरवावयाचा, जवळपासच्या गप्पा व गटातील संदेश यांपैकी कोठे लक्ष ठेवावयाचे, तेही सांगावयाचे.

अंतर आणि आवड :

'सेकंड लाइफ'च्या रचनाकारांनी प्रथम माणसाच्या कानाचेच अनुकरण केले होते. साधे बोलणे २० मीटरपर्यंत, कुजबूज १० मीटरपर्यंत आणि ओरडणे १०० मीटरपर्यंत पोहोचते. म्हणजे काय ऐकू यावे हे जागेवरून ठरते. जो जवळ उभा, त्याचे बोलणे कानी. गटातील गप्पांना मात्र हे बंधन नाही. सभासद कोठेही असो, प्रत्येक ओळ त्याच्यापुढे येते. एकदा अंतर नाहीसे झाले की निवडीसाठी दुसरे काही तत्त्व शोधावे लागते, आणि ते तत्त्व श्रोत्याची आवड हे ठरले. शेजारी कोण उभा आहे हे दुय्यम झाले. आपल्या यादीतला शब्द कोण उच्चारतो हे मुख्य झाले. निकटतेची व्याख्याच येथे बदललेली दिसते.

अवधानाच्या अभ्यासाशी ही गोष्ट ताडून पाहणे उद्बोधक ठरते. १९५३ साली कॉलिन चेरी यांनी गर्दीत एकाचेच बोलणे कसे ऐकले जाते याचे प्रयोग केले. ज्या कानाकडे लक्ष नाही त्यातील इंग्रजी मजकूर मध्येच जर्मन झाला तरी श्रोत्यांच्या ते ध्यानात येत नसे. पुढे १९५९ साली नेव्हिल मोरे यांना आढळले की दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव आले तर सुमारे एकतृतीयांश श्रोत्यांच्या ते लक्षात येते. या कसोटीवर यंत्र निःसंशय सरस आहे, कारण ते नाव कधीच चुकवीत नाही. एकाच वेळी दुकान, कार्यक्रम आणि नवागतांची विचारपूस सांभाळणाऱ्या गटप्रमुखाला ही सोय वरदान वाटते, यात नवल नाही.

परंतु यंत्राला अक्षरांची माळ कळते, शब्द कळत नाही. इंग्रजीत ही उणीव 'संपूर्ण शब्दच जुळवा' अशा पर्यायाने बरीचशी झाकली जाते. मराठीसारख्या विभक्तिप्रधान भाषेत ती उघडी पडते. 'पुणे' हा शब्द यादीत घातला तर 'पुण्यात', 'पुण्याला', 'पुण्याहून' यांपैकी एकही रूप सापडणार नाही. कारण सामान्यरूप होताना शब्दाचे अंत्याक्षरच बदलते. त्यावर तोड म्हणून 'पुण्य' एवढाच अंश घालावा, तर प्रत्येक पुण्यवान माणूस आणि प्रत्येक पुण्यतिथी रंगीत होईल. राम नावाच्या सभासदाला 'आराम', 'विराम' आणि गटात शिरणाऱ्या प्रत्येकाचा 'रामराम' आपल्यालाच उद्देशून असल्याचे भासेल! शिवाय अनेक मराठी भाषक गप्पांत रोमन लिपी वापरतात आणि तीत एकाच शब्दाची तीनचार वर्णलेखने सहज आढळतात. शब्द तुटक असतात व त्यांचे रूप बदलत नाही, या गृहीतकावर ही सोय उभी आहे. ते गृहीतक सर्व भाषांना लागू पडत नाही.

यादीचे आत्मचरित्र :

यादी कोण करतो, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. शोधनिबंधाच्या आरंभी कळीचे शब्द दिलेले असतात, ते लेखकाने वाचकासाठी निवडलेले असतात. येथे उलट आहे. वाचकाने ते स्वतःसाठी निवडले आहेत आणि लिहिणाऱ्याला त्यांचा पत्ता नाही. अशा यादीत प्रथम स्वतःचे नाव येते, मग मित्रांनी केलेली त्याची लघुरूपे, मग व्यवसायाचे शब्द. २०१० साली 'सेकंड लाइफ'मध्ये दर्शनी नाव बदलण्याची मुभा मिळाल्यापासून जुने व नवे अशी दोन्ही नावे राखणे ओघानेच आले. क्वचित यादीत दुसऱ्या कोणाचे नावही असते. आपले नाव निघताच कोणाच्या तरी पडद्यावर घंटा वाजते आहे, हे त्या दुसऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. ही सोय ज्या सहजतेने केवळ 'उपयुक्त' म्हणून वर्णिली जाते, ती सहजता येथे खटकते.

याहून गंभीर बाब ही की, यादी नेहमी भूतकाळात केलेली असते. कानावर अनपेक्षित असे काही पडू शकते. रंगीत ओळ मात्र अपेक्षितच असते. डोळ्याला रंगाची सवय लागली की उरलेल्या ओळी वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. त्या पडद्यावर असतात, नोंदवहीतही राहतात, पण वाचल्या जात नाहीत. याचा फटका जुन्या सभासदांना बसत नाही. ते परस्परांची नावे जाणतात व हाक मारताना ती मुद्दाम लिहितात. नवागताला कोणाचेच नाव ठाऊक नसते. तो लिहितो, "कोणी आहे का?" या वाक्यात यादीत घालण्याजोगा एकही शब्द नाही. 'कोणी' हा शब्द घातला तर निम्मा पडदा रंगेल, म्हणून तो कोणी घालत नाही.