मोंडरमानचा चौक : रस्त्याची रचना आणि चालकाचे वर्तन

वाहनचालक आपला वेग ठरवितो तो फलकावरील आकडा वाचून नव्हे, तर समोर पसरलेल्या रस्त्याचे रूप पाहून, हे हॉलंडमधील वाहतूक-अभियंता हान्स मोंडरमान (१९४५–२००८) यांच्या विचाराचे मूलसूत्र होय. रुंद, सरळ व निर्वेध रस्ता चालकास वेगाचे आमंत्रण देतो. त्याच रस्त्याच्या कडेला ताशी ३० किलोमीटरचा फलक उभारणे म्हणजे एकाच वेळी दोन परस्परविरोधी आज्ञा देणे होय. फ्रीसलंड प्रांतातील खेड्यांत त्यांनी फलक काढविले, फरसबंदी बदलली आणि रस्त्याला गावाच्या अंगणाचे रूप दिले. अनिश्चितता वाढली म्हणजे चालक सावध होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या मताचे प्रमाण म्हणून द्राख्तेन येथील लावेइप्लेइन या चौकाकडे बोट दाखविले जाते. दररोज वीस हजारांहून अधिक वाहने जाणाऱ्या या चौकातील सिग्नल काढून टाकण्यात आले. पत्रकारांच्या देखत मोंडरमान पाठमोरे चालत वाहनांच्या प्रवाहात शिरत आणि वाहने त्यांना वाट देत. 'नियम काढले की माणसे शहाणी होतात', असा निष्कर्ष त्यावरून अनेकांनी काढला. तो मात्र घाईचा आहे. या चौकाच्या मध्यभागी वर्तुळाकार मार्ग आहे. त्यात शिरताना चालकास वळावेच लागते आणि वळण्यासाठी वेग उतरवावा लागतो. म्हणजे येथे नियमन नाहीसे झालेले नाही. ते खांबावरून जमिनीवर उतरले आहे, इतकेच.

याहून गंभीर आक्षेप निराळा आहे. या रचनेत पादचारी व चालक नजरेने परस्परांशी समजूत करून घेतात, असे गृहीत धरलेले आहे. ज्यास दृष्टीच नाही त्याने काय करावे? पदपथाची कड हा अंध मनुष्याच्या काठीचा आधार. सपाट फरसबंदीत तो आधारच नष्ट होतो. ब्रिटनमध्ये या धर्तीच्या योजनांवर लॉर्ड होम्स या स्वतः अंध असलेल्या सदस्याने २०१५ साली कडक टीका केली आणि २०१८ साली तेथील शासनाने अशा सपाट पृष्ठाच्या नव्या योजना थांबविण्यास स्थानिक संस्थांना सांगितले. मोंडरमान पाठमोरे चालत ते स्वेच्छेने. अंधास मात्र न पाहता चालणे अपरिहार्य असते.

तथापि मूलसूत्र यामुळे बाधित होत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाहनाची गतिज ऊर्जा ३० किलोमीटरच्या मानाने पावणेतीन पटींहून किंचित अधिक असते. म्हणून वेग उतरविणारी रचना ही जीवरक्षकच होय. द्रुतगती मार्गास हे तत्त्व लावावे, असे मोंडरमान यांनीही कधी म्हटले नाही. उणीव आहे ती अनिश्चिततेलाच गुण मानण्यात. अनिश्चिततेचा भार चालकावर पडतो, की रस्त्यावरील सर्वांत दुर्बळ माणसावर, हीच अशा रचनेची खरी कसोटी होय.